इंग्रजीतल्या ‘ग्रो’ या क्रियापदाचा अर्थ फक्त वाढणे एवढाच आहे का?

नाही हो, फक्त वाढणे धरलं की घोळ होतो. आमच्या सांगलीकडचंच बघा, ‘द केन ग्रोज’ म्हणजे ऊस वाढतो, पण तासगावचा शेतकरी ‘ग्रोज ग्रेप्स’ म्हटलं की तो द्राक्षं पिकवतो, आणि दाढीला लावलं की दाढी राखणे. मला सगळ्यात आवडतो तो तिसरा अर्थ, ‘इट ग्रू डार्क’, इथं काहीच वाढत नाही, अंधार पडत गेला, म्हणजे हळूहळू तसं होत जाणं, ‘ग्रो ओल्ड’ पण तसंच, म्हातारं होणं. ‘ग्रो ऑन’ म्हणजे आधी न आवडलेलं गाणं ऐकता ऐकता आवडायला लागणं. मुलं मात्र ‘ग्रो अप’ होतात, आईबाप त्यांना ग्रो करत नाहीत, तिथं रेझ वापरा, ही चूक लई जण करतात.