टेकडीवर गाड्या आणि दोन खात्यांची टोलवाटोलवी

प्रश्न : पुण्यात कोथरूडच्या बाजूने टेकडीला लागून आमची सोसायटी आहे. शनिवार-रविवारी पहाटे, कधी रात्रीही, दहा-बारा मोटारसायकली आणि एखाददुसरी जीप आमच्या मागच्या पायवाटेने टेकडीवर चढतात. बऱ्याच गाड्यांना नंबरप्लेट नसते. सायलेन्सरच्या आवाजाने झोपमोड होते. गेल्या महिन्यात माझे सासरे (वय ७२) फिरायला गेले असताना त्यांना एका गाडीची धडक बसून मनगट मोडले. मुलगा थांबला नाही. पोलीस म्हणतात, ‘ती वनखात्याची हद्द.’ वनखाते म्हणते, ‘गाड्यांचं काम पोलिसांचं.’ आता सोसायटीतले काहीजण वाटेवर आडवी तार बांधायच्या गोष्टी करताहेत, आणि त्या मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आधी त्या तारेचे बोलू, कारण बाकी सगळे आठवडाभर थांबू शकते, हे नाही. तार बांधू नका आणि कुणाला बांधू देऊ नका. पहाटेच्या अंधारात गाडीवरच्या पोराच्या गळ्याशी तार आली आणि तो गेला, तर बांधणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. वाचला तर त्याच्या प्रयत्नाचा. ग्रुपवर ‘लावून टाका’ म्हणत अंगठे दाखवणारेही त्यात ओढले जातील. आज तुम्ही फिर्यादी आहात, त्या दिवशी आरोपी व्हाल. गाडीची किल्ली काढून घेणे, मुलाला वॉचमनकडून धरून ठेवणे हेही नको. सामान्य नागरिकाला अटकेचा अधिकार आहे, पण तो डोळ्यांसमोर घडलेल्या दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) आणि अजामीनपात्र गुन्ह्यात. भरधाव गाडी हाकणे हा जामीनपात्र गुन्हा आहे, म्हणून तिथे हा अधिकार चालत नाही. फोटोंचेही तसेच. चुकीच्या मुलाचा चेहरा ‘हाच तो’ म्हणून फिरला, तर बदनामीचा दावा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात येईल. फोटो पोलिसांना द्या, ग्रुपवरून काढा.

आता टोलवाटोलवी. तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती इतकी सोयीची पडतात. चाकाखाली जमीन कुणाची, हे आधी कागदावर आणा. कोथरूडला लागून असलेल्या वेताळ टेकडीचा मोठा भाग भांबुर्डा वनक्षेत्रात येतो, पण उतारावर महापालिकेच्या आणि खासगी जमिनीही आहेत. तुमच्या वाटेचा सर्व्हे नंबर काढून सातबारा पाहा. राखीव वन असेल, तर परवानगीशिवाय गाडी घालणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खालचा वनगुन्हा आहे आणि तो नोंदवणे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचेच काम आहे. फोनवर कळवायचे तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

पण जमीन वनखात्याची निघाली म्हणून पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या बरीच मोठी आहे. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा, मग तो डांबरी रस्ता असो वा नसो. शेकडो माणसे रोज फिरतात ती पायवाट यात बसते, असे ठामपणे मांडता येते. त्याहून कामाचे कलम ३९. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ चालवायची नाही, असे ते म्हणते. हे शेवटचे शब्द अर्जात जसेच्या तसे लिहा. अशी गाडी पोलिसांना कलम २०७ खाली ताब्यात घेता येते. विना परवाना आणि अल्पवयीन चालकाच्या बाबतीतही तोच अधिकार आहे.

समोरून एक युक्तिवाद हमखास येतो : ही शर्यतीची गाडी आहे, रस्त्यावर चालवायची नाहीच, मग नोंदणी कसली? त्याला उत्तर एवढेच, की मग ती टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली कशी? स्वतःच्या चाकांवर आली असेल, तर युक्तिवाद तिथेच संपला. टेम्पोत घालून आणत असतील, तर टेम्पोचा नंबर टिपा. मालकापर्यंत जायला तो पुरतो.

यावरूनच माझा मुख्य सल्ला. ‘टेकडीवर कारवाई करा’ अशी मागणी करू नका. पोलिसांची गाडी त्या वाटेने चढणार नाही आणि पाठलागात कुणीतरी दरीत जाईल. पायवाट रस्त्याला मिळते त्या तोंडाशी, ठरावीक वारी, ठरावीक वेळी नाकाबंदी मागा. तिथे हद्दीचा वादच उरत नाही. नंबरप्लेट नाही, सायलेन्सर बदललेला, विमा नाही, हे सगळे खाली उतरताना एकाच जागी सापडते. आवाजासाठी त्याच मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) आहे : पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर टाच. चालक अठराच्या आतला निघाला तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकच दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. कल्याणीनगरच्या मे २०२४ च्या अपघातानंतर अल्पवयीन चालक मुलाचे वडील अटकेत गेले, तेव्हापासून पुण्यातल्या पालकांना हा विषय नव्याने समजवावा लागत नाही.

अर्ज एकच लिहा आणि तो पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि वनपरिक्षेत्र अधिकारी या तिघांना द्या. वर तिघांचीही नावे दिसू द्या. प्रत दुसऱ्याकडेही गेली आहे हे दिसले की टोलवणे अवघड होते. सोसायटीचा ठराव जोडा, प्रत्येक ठिकाणी शिक्क्यासह पोच घ्या. वाटेच्या तोंडाशी माणूस आत जाईल पण दुचाकी जाणार नाही असा वळणाचा अडसर बसवायची मागणीही त्यातच करा. तो जमीनमालक खात्यानेच बसवायचा, सोसायटीने नाही.

पुराव्याबद्दल थोडे. व्हिडिओ ज्या फोनवर काढला त्यातच मूळ फाइल राहू द्या. कापाकापी नको, गाणे लावणे तर नकोच. कोर्टात तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. आणि इन्स्टाग्राम पाहत राहा. ही मंडळी आपल्याच करामतींचे रील टाकतात, चेहरा, गाडी आणि जागेच्या नावासकट. फिर्यादीसाठी त्यांनी स्वतःच केलेली ही सोय आहे. लिंक आणि तारीख नोंदवून ठेवा.

सासऱ्यांची बाब वेगळी आणि जास्त गंभीर. हाड मोडले की कायद्याने ती ‘गंभीर दुखापत’. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. ‘हद्द आमची नाही’ म्हणून फिर्याद नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम १७३ गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवायला सांगते. नाकारलीच तर तीच फिर्याद लेखी पोलीस उपायुक्तांना पाठवा, तरीही हालचाल नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. महिना उलटला आहे, म्हणून उशिराचे कारण (दवाखाना, प्लॅस्टर, चौकीतून परत पाठवले ती तारीख) फिर्यादीतच लिहा, नाहीतर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल. चालक अनोळखी असला तरी बिघडत नाही. सोबतच्या जीपचा नंबर तुमच्याकडे असेल तर तो द्या, तपास तिथून सुरू होतो.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज होतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, त्यातला एक गेलाच, तेव्हा ती पाळूनच चाला. गाडी शेवटपर्यंत सापडलीच नाही, तर धडक देऊन पळालेल्या वाहनांसाठीच्या सरकारी योजनेत गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात; तो अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात. दोन्हीकडे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिले लागतील. मेडिक्लेमला मूळ बिले देऊन बसला असाल, तर विमा कंपनीकडून त्यांच्या साक्षांकित प्रती आजच मागवा.