मनालीहून थेट चंद्रताल? ठिकाणं तीच ठेवा, क्रम बदला

तुम्ही विचारलंय की चंद्रतालसाठी, म्हणजे हिमाचलमधल्या स्पितीकडच्या उंचावरच्या तळ्यासाठी, जॅकेट किती जाड घ्यावं. त्याचं उत्तर देतेच, पण आधी तुमच्या कार्यक्रमाबद्दल बोलू द्या. सप्टेंबरअखेर सात दिवस, चंदीगडपर्यंत विमान, मनालीत एक रात्र, दुसऱ्याच दिवशी चंद्रतालला तंबूत मुक्काम, मग काझात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, तीन रात्री आणि त्याच वाटेने परत. सोबत 64 वर्षांचे बाबा आणि नऊ वर्षांची लेक. हे वाचलं आणि पोटात गोळा आला. सप्टेंबर 2022 मध्ये आमच्या हातात जवळपास हाच कागद होता.

विमान कुठलं, गाडी कुठली, हॉटेल कसं, यावर बाकीच्यांनी लिहिलंच आहे. ते सगळं सोडून मी एकाच गोष्टीवर लिहिते.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, माझा दादा आणि वहिनी. मुळात ठरलेला मार्ग चांगला होता: शिमला, सांगला, कल्पा, ताबो, काझा, मग चंद्रताल आणि शेवटी मनालीला उतरायचं. दहा दिवस. निघायच्या दोन दिवस आधी ट्रॅव्हल ऑफिसमधून फोन आला. (नाव लिहीत नाही, विचारूही नका.) "मॅडम, गाडी मनालीची मिळाली आहे, म्हणून आपण उलटं फिरू. ठिकाणं तीच, हॉटेलं तीच, एक रुपया जास्त नाही." मी त्या वेळी बॅगा भरत होते. फोन खांद्यात धरून मी "चालेल" म्हणाले. पंढरपूर सोलापूरला जाताना केलं काय आणि येताना केलं काय, असाच हिशोब डोक्यात होता. कोणाला विचारलं नाही, नकाशा उघडला नाही. त्या एका "चालेल"ची किंमत आम्ही चौघांनी मोजली.

आता उंचीचा हिशोब बघा. पुणे साधारण 560 मीटर. आपलं कळसूबाई 1,646. मनाली 2,050, म्हणजे कळसूबाईच्याही वर. आणि चंद्रताल सुमारे 4,300. दोन कळसूबाई एकावर एक ठेवा आणि वर आणखी हजार मीटर चढा, तिथे तुम्ही रात्री झोपणार. अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून तिथे पोहोचणं सोपं झालंय. सकाळी निघालात की संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत तंबूत. शरीराला मात्र त्यात काहीच कळत नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर हे शिकतं, पण त्याला काही रात्री लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. तुमच्या कागदावर एका दिवसात 2,200 मीटरची उडी आहे.

आमचा दादा दर रविवारी सिंहगड चढतो. सिगारेट नाही, बीपी नाही, पन्नाशीतही पोट नाही. चौघांत सगळ्यात सुदृढ तोच, म्हणून आमचं सगळं लक्ष वहिनीकडे होतं. कॅम्पवर पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. दादा म्हणाला डोकं जड झालंय, गाडीने झालं असेल. तळ्यापर्यंत चालत जायचं होतं, तो आला नाही. जेवायला राजमा-चावल होता. तो चमच्याने भातात रेघा ओढत बसला, घास तोंडात गेला नाही. मग बाहेर जाऊन उलटी करून आला. आम्ही त्याला डोकेदुखीची गोळी दिली आणि झोपवलं.

दादा घरात कोणालाही चपला घालून उंबरा ओलांडू देत नाही. पाहुण्यांनाही सांगतो. त्या रात्री तो चिखलाच्या बुटांसकट पांघरुणात शिरला. वहिनीने विचारलं तर नुसतं बघत राहिला. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, कारण खूण स्पष्ट होती आणि मी म्हणाले, "दमलाय, झोपू दे."

रात्री एकच्या सुमारास वहिनीने हाक मारली. त्याला झोपल्या जागी धाप लागत होती, मधूनच सुका खोकला. कॅम्पवाल्या भैयाने ऑक्सिमीटर आणला, आकडा 68. आमचा स्वतःचा, कोरोनात घेतलेला, घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. भैयाकडे सिलिंडर होता, तो लावला. मोबाइलला रेंज नाही. काझाच्या दवाखान्यात न्यायचं तर आधी 4,550 मीटरची कुंझुम खिंड चढावी लागणार, म्हणजे आजारी माणसाला आणखी वर न्यायचं. मनालीकडे उतरायचं तर बातलपासून ग्राम्फूपर्यंत पन्नास किलोमीटर दगडगोट्यांचा रस्ता, मध्ये नाले. ड्रायव्हर लाहौलचाच होता, शांत माणूस. म्हणाला, "दीदी, चार बजे निकलेंगे. तब तक नाले का पानी उतर जाएगा." बर्फ दिवसा वितळतं, त्यामुळे तिथले नाले दुपारनंतर फुगतात आणि पहाटे सगळ्यात कमी असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्याही कामाची आहे.

छत्रूपर्यंत दादा बोलला नाही. कोकसरला, म्हणजे हजारभर मीटर खाली आल्यावर, त्याने स्वतःहून चहा मागितला. वहिनी तिथे पहिल्यांदा रडली. मनालीत दोन दिवस रुग्णालयात काढले. फुप्फुसात पाणी साठायला सुरुवात झाली होती, आणखी काही तास वर राहिलो असतो तर कठीण होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी पहिल्या उलटीलाच उतरलो असतो तर यातलं पुष्कळसं टळलं असतं. तेव्हा उजेड होता, गाडी होती, ड्रायव्हर जागा होता.

सहल तिथेच संपली. ऑफिसला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, घाटात उलटी सगळ्यांनाच होते." मार्ग तुम्ही बदललात म्हटल्यावर, "तुम्ही फोनवर हो म्हणाला होतात." ते खरंच होतं. परतावा नाही, कारण प्रकृतीमुळे सहल सोडल्यास पैसे मिळणार नाहीत अशी ओळ कागदावर होती. पैशांचं दुःख मागे पडलं. राग याचा आहे की दर मोसमात माणसं पाठवणाऱ्या ऑफिसला हे ठाऊक असायलाच हवं होतं. गाडीच्या सोयीसाठी मार्ग उलटवताना त्यांनी एकदाही "उंची" हा शब्द उच्चारला नाही. तुमचा ट्रॅव्हलवाला म्हणतो ना, "सगळे असंच करतात"? करतात, आणि बहुतेकांचं डोकेदुखीवर भागतंही. आपला माणूस त्या बहुतेकांतला आहे की नाही हे मात्र वर गेल्याशिवाय कळत नाही. वय, व्यायाम, सिंहगड, कशाचाच भरवसा नाही.

जून 2024 मध्ये आम्ही पुन्हा गेलो, तोच दादा, तीच वहिनी. या वेळी शिमल्याकडून. नारकंडा, मग सांगला, कल्पा (2,960 मीटर), मग ताबो (3,280), मग काझा. काझाजवळचं किब्बर गाव जवळजवळ चंद्रतालइतकंच उंच आहे. तिथे दिवसा गेलो, दोन तास फिरलो आणि झोपायला काझात परत. दादाने किब्बरला दोन वाट्या थुक्पा (नूडल्सचं सूप) संपवला आणि भिंतीवर उन्हात बसून बायकोचे फोटो काढले. माणूस तोच, उंची जवळपास तीच. बदल झाला तो रात्रींच्या क्रमात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कोणाला टोकाचं वाटलं तरी चालेल. सात दिवसांत स्पिती करू नका. नऊ-दहा दिवस काढता येत असतील तर शिमल्याकडून शिरा आणि मनालीकडून बाहेर पडा. कल्पानंतरची रात्र वाटेतल्या नाकोला काढण्यापेक्षा ताबो बरं, कारण नाको 3,660 वर आहे. ताबोचा मठ इ.स. 996 चा आहे. आत काळोखात भिंतींवरची चित्रं डोळ्यांना हळूहळू दिसायला लागतात, तिथे दहा मिनिटांत उरकू नका. काझात निदान तीन रात्री. वरची लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं दिवसा. हिक्किमच्या पोस्टातून लेकीला आजीच्या नावाने पत्र टाकायला लावा. आमचं पत्र आमच्यानंतर बऱ्याच दिवसांनी पोहोचलं, आईने अजून जपून ठेवलंय. लांगझात मुलं शंख-शिंपल्यांचे जीवाश्म विकायला आणतात, ते घेऊ नका. हिमालयाच्या आधीच्या समुद्राच्या खुणा आहेत त्या, तिथेच राहू देत.

सगळ्यांची तब्येत काझात छान राहिली तरच चंद्रतालला एक रात्र. बाबांना जरा जरी डोकेदुखी असेल तर तळ्याचा मोह सोडा आणि सरळ मनालीला उतरा.

सात दिवसांवर काही मिळतच नसेल तर स्पिती या वर्षी राहू द्या. सांगला आणि कल्पा करा. सप्टेंबरअखेर तिथे सफरचंदं झाडावर असतात आणि कल्पाच्या खिडकीतून सकाळी किन्नर कैलास दिसतो. बाबांना ते झेपेल आणि लेकीला आवडेल.

औषधांबद्दल. मी डॉक्टर नाही, आमच्यावर बेतलं म्हणून वाचत गेले एवढंच. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्स नावाची गोळी असते, चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून विचारा. नुसतं "हिमाचलला चाललोय" म्हणाल तर ते शिमला समजतील. गोळी घेतली म्हणून एका दिवसात कितीही चढता येतं असं नाही. वर गेल्यावर झोपेची गोळी आणि दारू बंद. प्राणवायूचे छोटे डबे मिळतात, ते काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर वर थांबून राहणं धोक्याचं, उतरणं हाच उपाय.

शंका आली तर दोन गोष्टी बघा. माणसाला एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. झोकांड्या गेल्या तर लगेच खाली. बसल्या जागी धाप लागत असेल तरी लगेच खाली. आणि तुमच्या लेकीचं विशेष सांगते: लहान मुलं "डोकं दुखतंय" म्हणतीलच असं नाही. ती चिडचिड करतात, जेवत नाहीत, खेळत नाहीत. वर गेल्यावर याला हट्ट समजू नका.

हवामानाचाही भरवसा धरू नका. जुलै 2023 मध्ये, ऐन उन्हाळी मोसमात, चंद्रतालला बर्फ पडून अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते आणि रस्ता मोकळा करून त्यांना बाहेर काढावं लागलं. म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. तिकीट बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. काझात पेट्रोल पंप आहे, पण एटीएमवर अवलंबून राहू नका, पुण्याहूनच रोख न्या. परदेशी पासपोर्टवाला कोणी नातेवाईक येणार असेल तर किन्नौर ते स्पिती या पट्ट्यासाठी त्याला परवाना लागतो. आपल्याला लागत नाही.

आणि जॅकेट: सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो. एकच जाडजूड घेण्यापेक्षा थर्मल, लोकरी स्वेटर आणि वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, असे तीन थर घ्या. कानटोपी आणि हातमोजे लेकीचे दोन-दोन जोड, कारण एक ओला होणारच. बाबांना लोकरीचे मोजे घरचे विणलेले असतील तर उत्तम.

उरलेले पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. त्या ऑफिसकडून एक कागद लेखी मागा: प्रत्येक रात्री कुठे झोपणार आणि त्या जागेची उंची किती मीटर. पुढे मार्ग बदलला तर फोनवर हो म्हणू नका, नवा कागद मागा. तो मिळाला की इथे टाका. मी रात्री नऊनंतर असते, बघून सांगते.