डॉक्टरांनी न पाठवता स्वतःहून क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत, नाव देता येतं का?

हो, देता येतं. पण नाव दिलं म्हणजे घेतलंच असं नाही. ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम करताना मी हा घोळ रोज बघायचे.

अमेरिकी सरकारच्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदणीत आजाराचं नाव टाकून शोधा. भरती चालू असेल तर निकष आणि संपर्क तिथेच दिसतो. खरी चाळणी त्यानंतर लागते. २०११ मध्ये एका कंपनीने मूत्राशयाच्या तक्रारीवरच्या औषधाची ट्रायल पूर्णपणे इंटरनेटवरून घ्यायचा प्रयत्न केला होता. नावं हजारोंनी आली, उपचाराच्या टप्प्यापर्यंत पोहोचले १८ जण!

लोक का गळतात? एका बाईंना मी फोनवर विचारलं, आणखी कुठलं औषध चालू आहे? "काही नाही." म्हटलं, गोळ्यांचा डबा समोर घ्या आणि नावं वाचा. तिसऱ्या पाकिटावर वॉरफरिन निघालं. "अहो, ते औषध नाही, रक्त पातळ राहायला असतं ते." आमच्या निकषांत नेमकं तेच बसत नव्हतं. त्या चिडल्या, साहजिक होतं. पण रक्तस्रावाचा धोका अर्जातल्या एका टिकमार्कवर सोडता येत नाही. तेव्हा अर्ज भरताना डबा शेजारी ठेवा.

घेतलं गेलं तर टिकणं हा पुढचा भाग. ॲस्पिरिनचा डोस ८१ मिलिग्रॅम असावा की ३२५, हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ॲडॅप्टेबल ट्रायलमध्ये १५,०७६ हृदयरुग्ण होते. संमती आणि पाठपुरावा बहुतांश ऑनलाइन. मोठा डोस वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोकांनी तो पुढे बदलला. मग दोन डोसांची तुलना करायची कशी? मला विचाराल तर घरबसल्या ट्रायलचं खरं दुखणं हेच: आत शिरणं सोपं, तितकंच हळूच बाजूला होणंही.

तुम्हाला हवं तेच औषध मिळेल, हेही डोक्यातून काढा. बऱ्याचदा कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, कधी नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, गोळीही वाट्याला येते. संमतीपत्र घरी नेऊन वाचा. ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का आणि त्रास झाला तर उपचारांचा खर्च कोणाचा, हे सहीआधी विचारा. सही केल्यावरही कारण न देता बाहेर पडता येतं, फक्त गोळ्या परस्पर बंद न करता आधी ट्रायलवाल्यांना कळवा.

आणि नेहमीच्या डॉक्टरांची परवानगी लागत नसली तरी त्यांना सांगाच. ट्रायलचं कार्ड मिळालं तर पाकिटात ठेवा. रात्री दोनला दवाखान्यात नेलं तर तुम्ही नेमकं काय घेताय हे त्यावरच्या नंबरवरून शोधता येतं.