पत्र्याखालची दुपार

प्रश्न : आमचं घर पत्र्याचं, यावल तालुक्यात. मुलगी अडीच वर्षांची. मे महिन्यात मी तिला उन्हात काढतच नाही, दिवसभर घरातच ठेवते. तरी दुपार कलली की तिचं अंग तापतं, ती मलूल पडते, लघवी गडद पिवळी होते. तापाचं औषध देऊ का?

उत्तर : ताई, औषधाआधी छपराकडे बघा. सरकारी दवाखान्यात मी ३१ वर्षं नर्स होते. "उन्हात गेलाच नव्हता हो, पाळण्यात झोपला होता," हे आयांच्या तोंडून किती वेळा ऐकलं! एक पोरगं तर आईनं ताप समजून गोधडीत गुंडाळून आणलं होतं. गोधडी काढली, अंगावर पाणी ओतलं, पंखा लावला. वाचलं ते. उष्म्यानं तापलेलं अंग तापाच्या औषधानं उतरत नाही, त्याला पाणी आणि वाराच लागतो. गार करूनही उतरलं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तो खरा ताप असू शकतो.

आपल्याकडे पारा ४५ वर जातो तेव्हा पत्र्याखाली भट्टीच होते. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, त्यांना घामही कमी येतो. खेळाच्या नादात पोर पाणी मागत नाही.

जुनी धाब्याची घरं छपरावरच्या मातीच्या जाड थरामुळे आतून गार असायची. आता ती कोण बांधणार? पण मार्चमध्येच पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारा, पांढरा पत्रा ऊन परतवतो. वर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पसरणं मला पसंत नाही, चुलीची एक ठिणगी पुरते. शेजारी धाब्याचं घर असेल, नाहीतर निंबाची दाट सावली असेल, तर ११ ते ४ तिला घेऊन तिथं बसा. संकोच करू नका. ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा. आपली हवा कोरडी, लगेच गारवा येतो. पाणी, ताक, पन्हं थोडं थोडं पाजा. लघवी फिकट झाली की पाणी पुरतंय म्हणायचं.

अंग चटका बसेल असं तापलं आणि ती बरळू लागली, झटके आले किंवा तुम्हाला ओळखेना, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नका.

आणि तुमच्या पत्र्यावर दगड ठेवलेत का? ज्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वादळात पत्रा उचलला जातो आणि दगड घरात येतात. हुक लावून पत्रे आवळून घ्या. तोवर तिचं अंथरूण त्या दगडांखाली घालू नका.