नवं घर, सातवा महिना आणि लॉकरमधला फोन

‘आम्ही नुकतेच इथे राहायला आलोय. ओळखीचं कोणी नाही आणि बाळ येणार आहे. निभेल ना आमचं?’ पुण्याजवळच्या मोशी, चिखली, वाकड, तळेगाव या पट्ट्यात समुपदेशन करायला बसलं की हा प्रश्न बाराही महिने येतो. त्याच्या मागोमाग दुसरा असतोच: पहिलं बाळंतपण माहेरी करायचं की इथेच? दोन्हींना सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून एका जोडप्याची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघं यवतमाळ जिल्ह्यातले. त्याला चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि मोशीत वन बीएचके भाड्याने घेतला. आले तेव्हा तिला सहावा सरत आलेला. तिच्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाठवलं, कारण बीपी, शुगर, सोनोग्राफी सगळं ठीक असूनही वजन वाढत नव्हतं आणि ‘जेवण जातं का?’ एवढं विचारलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पहिल्या भेटीत तोच बोलत होता. “मॅडम, तसा काही प्रॉब्लेम नाही. सगळं सेट केलंय.” वॉशिंग मशीन हप्त्यावर घेतलं, गीझर बसवला, पाण्याचं फिल्टर लावलं, दवाखाना कंपनीच्या विम्याच्या यादीतला निवडला. खरोखरच केलं होतं त्याने सगळं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ती फाइलची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती. मी तिच्याकडे वळले तर एवढंच म्हणाली, “मले इथं करमत नाही.”

“होते सवय,” तो म्हणाला. “पहिल्यांदा सगळ्यांचंच असं असते.”

मी दोघांना एकच प्रश्न विचारला. रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर पहिला फोन कोणाला?

ती म्हणाली, “आईले.” तो म्हणाला, “मला.”

आई एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या अंतरावर. आणि तो? दर तिसऱ्या आठवड्याला नाइट शिफ्ट. “शिफ्टमध्ये मोबाइल कुठे असतो तुमचा?” मी विचारलं. बऱ्याच कारखान्यांत लाइनवर मोबाइल नेऊ देत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं होतं. “लॉकरमध्ये,” तो म्हणाला, आणि मग गप्प झाला. रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसात त्याचा फोन एका पत्र्याच्या कप्प्यात वाजत राहणार होता. तिला ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तीन वेळा लावून पाहिला होता तिने, उगाचच. त्याला वाटायचं, सकाळी मिस्ड कॉल दिसतात ते हिला करमत नाही म्हणून.

असाच घोळ सोसायटीच्या गेटवर होता. फाटकाच्या अ‍ॅपवर नंबर त्याचा. भाजीवाला, गॅसवाला, कुरिअर, कोणीही आलं की परवानगीचा कॉल त्याला जायचा, तो उचलायचा नाही, माणूस परत जायचा. ती चौथ्या मजल्यावर खिडकीतून सिलिंडरची गाडी जाताना बघायची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मालकांचा, त्यात भाडेकरूंना घेत नाहीत. म्हणजे पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी बंद राहणार, हेही तिला लिफ्टसमोर उभं राहिल्यावरच कळायचं. सातव्या महिन्यात चार मजले चढून आल्यावर जे रडू येतं, त्याला घरचे लोक ‘हार्मोन्स’ म्हणतात. असतीलही हार्मोन्स. पण आधी तिचा नंबर त्या अ‍ॅपवर टाका, हे मी अगदी अशाच शब्दांत सांगितलं.

दुसऱ्या भेटीला तिला एकटीला बोलावलं, तेव्हा ती जरा मोकळी झाली. तालुक्याच्या गावी ती ई-सेवा केंद्रात बसायची. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविम्याचा अर्ज... दिवसभर खिडकीसमोर माणसं. “ताई, माह्यं कवा होईन?” हे ऐकत तिचा दिवस जायचा. बाजारात गेली तरी दोन-चार जण हाक मारायचे. इथे वॉचमन तिला ‘चारशे तीनवाल्या मॅडम’ म्हणतो. तीन आठवड्यांत नवऱ्याखेरीज कोणी तिला नावाने हाक मारली नव्हती.

तिला मी एक छापील प्रश्नावली भरायला दिली. एडिनबर्ग स्केल म्हणतात तिला. १९८७ साली ती बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी तयार झाली, पण गरोदरपणातही वापरतात. प्रश्न फक्त दहा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याचा विचार येतो का, हा. तो मी कधीही गाळत नाही, समोरची बाई कितीही हसतमुख असली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार विकसनशील देशांत गरोदर स्त्रियांपैकी सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतिणींपैकी सुमारे १९.८ टक्के जणींना मानसिक आजाराला तोंड द्यावं लागतं, त्यात मुख्य नैराश्य. तेव्हा ‘आमच्या घरात असलं काही नाही’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी कमी न होता वाढतेच.

तिच्या बाबतीत ते नैराश्यापर्यंत गेलं नव्हतं. झोप तुटत होती, पण आईशी बोलताना ती हसत होती, गावाकडच्या गोष्टी रंगवून सांगत होती, बाळाचे कपडे शिवायला घेतले होते. सलग दोन आठवडे कशातच मन लागत नाही, बाळाबद्दल काही वाटेनासं होतं, झोपायला वेळ असूनही झोप येत नाही, ‘मी नसते तर बरं’ असं मनात येतं, असं असेल तर ओळखीपाळखी वाढवण्याचे सल्ले देत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. गरोदरपणात चालणारी औषधं असतात. ती तज्ज्ञांनीच ठरवायची. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

आता माहेरचा प्रश्न. यावरूनच दोघांत खरी धुसफूस होती. ती म्हणायची मला गावी जायचंय, तो म्हणायचा विमा इथल्या दवाखान्याचा आहे, ही ऐकत नाही. समोरासमोर बसवल्यावर वेगळंच निघालं. बाळंतपण गावी व्हावं असं तिला वाटतच नव्हतं. तिथल्या एका बहिणीला आयत्या वेळी रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावं लागलं होतं, ते तिने पाहिलेलं. तिला आई हवी होती. आणि आईला इकडे या म्हणण्याची सोय नव्हती, कारण तारीख नोव्हेंबरची. सोयाबीन निघून कापूस वेचणीला आलेला, मजूर मिळत नाहीत, वडिलांचा गुडघा गेलेला. “आईले या म्हणू कशी?” हे ती नवऱ्याला सांगत नव्हती, कारण त्याने ‘मग पैसे देऊन माणसं लावा म्हणावं’ असं म्हटलं असतं आणि तिला ते लागलं असतं. त्यामुळे ती नुसतं ‘गावी जायचंय’ म्हणायची.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जोडप्यांत हे दिसतं. भांडण जागेवरून चालू असतं, हवं असतं माणूस. म्हणून ‘माहेरी की इथे’ विचारणाऱ्यांना मी आधी कागदावर तारखा लिहायला लावते. प्रसूतीच्या आधीचा महिना, नंतरचे चाळीस-पंचेचाळीस दिवस, आणि त्या प्रत्येक आठवड्यात घरात दुसरं मोठं माणूस कोण. नावं भरत गेलं की भांडण बरंच निवळतं. यांच्या कागदावर असं ठरलं: ऑक्टोबरच्या शेवटी सासूबाई येतील, दुसरी वेचणी उरकून आई येईल आणि सव्वा महिन्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटलं तर ती बाळाला घेऊन गावी जाईल. ज्यांना माहेरीच जायचं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रवास वेळेत करावा, शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नये. तिथल्या दवाखान्यात आधीच नाव घालावं आणि सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत. ऐनवेळी नव्या डॉक्टरांपुढे कोरी फाइल ठेवणं बरं नाही.

हा झाला नोव्हेंबर. पण तोवरच्या नाइट शिफ्टचं काय?

“शेजाऱ्यांत मिसळा” हा सल्ला मी देत नाही. जिला करमत नाही ती मिसळणार कशी? तिला मी म्हटलं, कोणाकडे तरी काहीतरी मागा. ती बिचकली. आपल्याकडे नव्या ठिकाणी आधी द्यायची पद्धत, वाटीभर काहीतरी घेऊन जायचं. पण दिलं की समोरची ‘कशाला त्रास’ म्हणते आणि दार लागतं. मागितलं की बोलणं सुरू होतं. “तुम्ही दही कसं लावता घरी?” मी विचारलं. म्हणाली, “लावतच नाही. इथं विरजणच नाही, पाकिटातलं आणतो.” मग समोरच्या चारशे एकमध्ये जा आणि चमचाभर विरजण मागा, असं सांगून पाठवलं.

चार दिवस गेली नाही. पाचव्या दिवशी गेली. चारशे एकच्या काकू संगमनेरच्या, मुलगा-सून दोघं नोकरीला, त्या दिवसभर नातवासोबत. त्यांनी विरजण दिलं, वर “कितवा?” विचारलं, “लाथा मारतं का?” विचारलं, आणि लिफ्ट बंद असली की जिन्याने खाली उतरायचं नाही म्हणून दम भरला. पुढच्या भेटीत हे सांगताना ती त्या काकूंची नक्कल करत होती. काही दिवसांनी जिना झाडणाऱ्या मावशींची ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी अडली होती, ती हिने मोबाइलवर करून दिली. त्यानंतर खालच्या मजल्यावरची एक, मग तिची जाऊ. ‘चारशे तीनवाल्या मॅडम’चं ‘फॉर्मवाल्या ताई’ झालं. नावाने हाक अजून नव्हतीच, पण तिला हे चालत होतं.

त्याला काम दिलं ते फोनचं. शिफ्ट सुपरवायझरचा नंबर आणि कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीचा नंबर आणायचा, दोघांशी आधी बोलून ठेवायचं की घरून निरोप आला तर लाइनवर येऊन सांगा. हे दोन नंबर, काकूंचा नंबर, दवाखान्याचा रात्रीचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सरकारी दवाखान्यात न्यायला गरोदर बाई व तान्ह्या बाळासाठी १०२, एवढं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायचं. काकूंकडे घराची एक किल्ली द्यायची. आणि सुट्टीच्या रात्री एकदा खरोखर दवाखान्यापर्यंत जाऊन यायचं, कारण दिवसा उघडं असलेलं फाटक रात्री बंद असतं आणि मागचं दार कुठे आहे ते कोणी सांगितलेलं नसतं. त्यांच्या दवाखान्याचं तसंच निघालं. शिवाय रक्तस्राव, पाणी जाणं, जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज, ताप, झटका किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, हे तिच्याइतकंच काकूंनाही सांगून ठेवायला लावलं.

हे करताना तो एकदा एकटा थांबला. म्हणाला, “मॅडम, मी प्रोबेशनवर आहे. सुट्टी मागितली तर पर्मनंट करतील का नाही, तेच टेन्शन आहे.” हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. केंद्र सरकारी नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते; खासगी कंपनीवर कायद्याने असं बंधन नाही, असते ती कंपनीची मर्जी. आईसाठी २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे भरपगारी रजा झाली, बापाचा विचार अजून तिथवर आलेला नाही. मी त्याला म्हटलं, आधी बायकोला सांगा, मग एचआरला विचारा. वॉशिंग मशीनचे हप्ते तिला माहीत आहेत, नोकरी कच्ची आहे हेही कळू द्या. त्याने सांगितलं. ती चिडली, म्हणाली, “मंग तीन महिने मी काय इथं पाहुणी होती?” चिडली हे बरं झालं. त्यानंतर रजेचं बोलणं दोघांनी मिळून केलं.

आणखी एक. सोसायटीत राहतो म्हणजे आशाताई आपल्यासाठी नाहीत असा एक समज आहे. जवळच्या मनपा दवाखान्यात नाव नोंदवलं की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी पहिल्या ४२ दिवसांत आशाताईंनी सहा वेळा घरी येऊन बाळाला बघायचं असतं. त्या येतात तेव्हा वॉचमन ‘कोणाकडे?’ म्हणून अडवतो, म्हणून त्यांचं नाव गेटवर सांगून ठेवा. अटींत बसत असाल तर मातृवंदना योजनेचे पाच हजारही पहिल्या बाळासाठी मिळतात. तिने हा फॉर्म स्वतःच भरला, अर्थातच.

कळा सुरू झाल्या त्या रविवारी दुपारी, तो घरीच असताना. फ्रिजवरच्या कागदाची गरजच पडली नाही. मुलगी झाली. तो कागद उपयोगी पडला बाराव्या दिवशी, बाळाला कावीळ दिसली तेव्हा. तो फर्स्ट शिफ्टला होता, काकू आणि सासूबाई तिला घेऊन दवाखान्यात पोचल्या आणि सुपरवायझरने त्याला लाइनवरून बोलावून घेतलं.

मध्यंतरी त्याचा फोन आला. वेचणी लवकर उरकली, आई ठरल्याच्या आधी आली आणि आता दोन्ही आया एका वन बीएचकेत. एक म्हणते पंखा लावायचा नाही, दुसरी म्हणते बाळाला घाम येतोय. एकीचे डिंकाचे लाडू, दुसरीचे मेथीचे. “कोणाचं ऐकू?” मी म्हटलं, बाळाच्या डॉक्टरांचं. आणि तुमच्या आईचं परतीचं तिकीट कधीचं आहे ते आजच बघा.