शुद्ध काय, गाय की तूप?

प्रश्न : तलाठी भरतीची तयारी करते आहे. ‘शुद्ध गायीचे तूप’ चूक, ‘गायीचे शुद्ध तूप’ बरोबर, हे ठाऊक आहे. पण एका सराव प्रश्नपत्रिकेत ‘ताजे रापणीचे बांगडे’ (रापण म्हणजे किनाऱ्यावर ओढायचे मोठे जाळे) बरोबर धरले होते. विशेषण तिथेही नामापासून लांबच आहे ना? आणि ‘ऊन’ लागलेल्या क्रियापदांच्या वाक्यांत माझे गुण हमखास जातात. — एक वाचक, देवगड

उत्तर : फरक विशेषणाच्या रूपात आहे. ‘ताजा’ हे विकारी विशेषण, म्हणजे नामाप्रमाणे बदलणारे. रापणीला जोडायचे तर ‘ताज्या’ हवे होते. ‘ताजे’ फक्त बांगड्यांशीच जुळते, म्हणून मध्ये रापण आली तरी अर्थ ढळत नाही. ‘ताज्या रापणीचे बांगडे’ म्हटले, तर नुकतीच ओढलेली रापण. ‘शुद्ध’ मात्र अविकारी. गायीपुढेही शुद्ध, तुपापुढेही शुद्ध. रूपावरून काही कळत नाही, मग वाचणारा ते लगतच्या नामाला जोडतो. लाल, गोड, सुंदर, कडक यांचेही तेच.

तेव्हा विशेषण दोन्ही नामांपुढे ठेवून पाहा. रूप वेगळे होत असेल, तर ते कुणाचे हे आपोआप ठरते: ‘ओल्या काजूची उसळ’ यात ‘ओल्या’ काजूचेच, उसळीला ‘ओली’ लागले असते. रूप तेच राहत असेल, तर जागा तपासा. विकारी विशेषणही इथे फसवते. ‘मोठ्या बागेतल्या कैऱ्या’ यात मोठी बाग की मोठ्या कैऱ्या? दोन्हीकडे ‘मोठ्या’च. कैऱ्या मोठ्या असतील, तर ‘बागेतल्या मोठ्या कैऱ्या’ असेच लिहायला हवे.

आता ‘ऊन’. ‘घराला कुलूप लावून लाँच सुटली होती.’ कुलूप लाँचने लावले काय? पहिली क्रिया करणारा दुसऱ्या भागात कुठेच नाही, हा दोष. ‘घराला कुलूप लावून आम्ही धक्क्यावर पोहोचलो, तोवर लाँच सुटली होती’ हे बरोबर.

मात्र ‘दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा’ एवढेच घोकले, तर बरोबर वाक्येही चूक ठरवाल, आणि बहुतेकांचे गुण इथेच जातात. ‘पत्र वाचून मला आनंद झाला’ यात व्याकरणातला कर्ता ‘आनंद’, पण वाचणारा ‘मला’मध्ये हजर आहे. तेवढे पुरते. ‘दरड कोसळून घाट बंद झाला’ हेही शुद्ध, कारण पहिली घटना दुसरीचे कारण आहे आणि ती कुणी ठरवून केलेली नाही. करणारा दुसऱ्या भागात कोणत्याही विभक्तीत सापडत नाही आणि असे कारणही नाही, तेव्हाच वाक्य चूक धरा.

प्रश्न : इंग्रजीत ‘वॉकिंग ऑन द बीच,’ यापुढे मी ‘अवर कलेक्शन ऑफ शेल्स ग्रू’ हा पर्याय निवडला, तो चुकला. का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : इंग्रजीत विशेषणाचे रूप बदलत नाही, त्यामुळे सगळा भार जागेवर. स्वल्पविरामानंतर येणारा कर्ताच चालणारा असला पाहिजे. तुमच्या पर्यायात कर्ता ‘कलेक्शन’ आहे. ‘अवर’ नुसते मालकी सांगते. शिंपल्यांचा साठा किनाऱ्यावर चालत नाही. ‘शेल्स वेअर कलेक्टेड बाय अस’ याच कारणाने बाद. ‘वी कलेक्टेड शेल्स’ बरोबर.

मनात मराठी भाषांतर करून पर्याय तपासू नका. ‘किनाऱ्यावर चालताना शिंपले मिळाले’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण ‘ताना’ला वेगळा कर्ता चालतो. त्यामुळे इंग्रजीतला दोष कानाला खटकतच नाही.

कधी स्वल्पविरामानंतरचा भाग पक्का असतो, जसे ‘द टाइड केम इन’, आणि बदल पहिल्या भागात विचारलेला असतो. तिथे ज्याला स्वतःचा कर्ता आहे तो पर्याय घ्या: ‘व्हाइल वी वेअर वॉकिंग ऑन द बीच’.