बाप्तिस्म्याआधी वडील गेले, त्यांचं तारण झालं का? माझं उत्तर

जय ख्रिस्त ताई,

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. वडील शेवटच्या वर्षात विश्वासात आले, ईस्टरला बाप्तिस्मा ठरला होता आणि त्याआधीच ते हार्ट अटॅकने गेले. तुमच्या फेलोशिपमधल्या एका भावांनी बायबलमधलं मार्क १६:१६ उघडून सांगितलं की बाप्तिस्मा नाही तर तारण नाही. मैत्रीण म्हणते, तारण कृपेने आहे, मग पाण्याचं काय एवढं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आता तुम्ही स्वतः घ्यावा का, वडिलांच्या वतीनेही घेता येतो का.

मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही. परळमध्ये वाढलेला साधा विश्वासणारा आहे. पण तुमच्या वडिलांच्या जागी माझी आई होती, त्यामुळे या विषयावरचं जे हाती लागलं ते गेली बरीच वर्षं वाचत आलो आहे. कृपा, पश्चात्ताप, नवा जन्म हे तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जातो. कॅथलिक वाचकांनी आपल्या फादरना विचारावं, त्यांच्याकडे काही गोष्टींची मांडणी वेगळी आहे.

आधी उत्तर देतो. न्याय करणारा प्रभू आहे, मी नाही. पण वचनातून मला जे दिसतं त्यावरून तुमचे वडील त्याच्याजवळ आहेत. आणि तुम्ही बाप्तिस्मा घ्या, उशीर न करता घ्या. तुमचे ते भाऊ यातलं दुसरं धरतात आणि पहिलं सोडतात. मैत्रीण पहिलं धरते आणि दुसरं सोडते.

मार्क १६:१६ पूर्ण वाचा. विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं तारण, हा पहिला भाग. दुसऱ्या भागात शिक्षा कोणाला आहे? विश्वास न धरणाऱ्याला. तिथे बाप्तिस्म्याचा उल्लेखच नाही. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्कचा हा शेवट नाही असं सांगून काही जण हे वचन बाजूला सारतात. ते खरं आहे, पण त्यावर विसंबू नका, कारण प्रेषितांची कृत्ये २:३८ आणि पहिले पेत्र ३:२१ तरीही तुमच्यासमोर उभे राहतात. तिथे बाप्तिस्मा आणि पापक्षमा, बाप्तिस्मा आणि तारण शेजारी शेजारीच ठेवले आहेत.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या, बाप्तिस्म्याशिवायच तारण मिळालेल्या चोराचं उदाहरण सगळेच देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तो दाखला अडलेल्यासाठी आहे, टाळणाऱ्यासाठी नाही. त्याचे हातपाय ठोकलेले होते. ज्याचे पाय मोकळे आहेत आणि ज्याच्यापासून मंडळी (चर्च) दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, त्याने त्या चोराच्या मागे लपू नये.

तुमच्या वडिलांसारखी माणसं मंडळीच्या इतिहासात आधीही झाली आहेत, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा खूप आधार वाटला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इ.स. ३९२ मध्ये रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन तरुणपणीच मरण पावला. त्याने मिलानच्या बिशप अँब्रोझना बाप्तिस्म्यासाठी बोलावणं पाठवलं होतं, ते पोहोचण्याआधीच तो गेला. त्याच्या बहिणी तुमच्यासारख्याच रडत होत्या. अँब्रोझनी दफनाच्या वेळच्या भाषणात त्यांना सांगितलं की ज्याने मागितलं त्याला ते मिळालं. हे सांगणारा माणूस बाप्तिस्म्याला कमी लेखणारा नव्हता. ते स्वतः ३७४ साली बिशप म्हणून निवडले गेले तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तो निवडीनंतर घाईने झाला. आजची कॅथलिक शिकवणही सांगते की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलं, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. तयारी करत असताना मरण पावलेल्याची इच्छाच धरली जाते. मुंबईत १८२९ साली आलेले मिशनरी जॉन विल्सन ज्या स्कॉटिश मंडळीचे, तिची वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली म्हणते की बाप्तिस्मा तुच्छ लेखणं किंवा टाळणं मोठं पाप आहे, तरी त्याच्यावाचून कोणाचं तारणच होऊ शकत नाही असं नाही. रोम आणि स्कॉटलंड एरवी किती गोष्टींवर भांडले, पण इथे दोघेही तुमच्या वडिलांच्या बाजूने उभे आहेत.

आता आईबद्दल. हे लिहिताना राग येतो, तो आवरायचा प्रयत्न करतो.

आई चौथी शिकलेली. बाबा गेल्यानंतर शेजारच्या एका बाईंबरोबर प्रार्थनेला जाऊ लागली आणि प्रभूला तिने मनापासून धरलं. स्तोत्र २३ तिला तोंडपाठ होतं. तिने स्वतःहून बाप्तिस्मा मागितला. ज्या मंडळीच्या कार्यालयात आम्ही गेलो तिचं नाव लिहिणार नाही, कारण तिथे आज वेगळी माणसं आहेत. तिथे सांगितलं, आधी क्लास करा. ठीक आहे, शिकवलं तर पाहिजेच. पण क्लासला हजेरीपट होता, आणि आईचं डायलिसिस सुरू झाल्यावर काही रविवार चुकले. मग म्हणाले, नवीन बॅचमध्ये पुन्हा पहिल्यापासून बसा. शेवटी लेखी परीक्षा, जिला वाचायलाच बोट फिरवावं लागायचं त्या बाईला. तोंडी घ्या म्हटलं तर नियमात नाही. क्लास संपल्याशिवाय नाव कमिटीपुढे जात नाही आणि कमिटी महिन्यातून एकदा बसते. मधेच पाळकसाहेबांची बदली झाली, तेव्हा नवे साहेब येईपर्यंत थांबा. आई वॉर्डात असताना मी विनंती केली की कोणीतरी येऊन तिथेच बाप्तिस्मा द्या. उत्तर मिळालं, अंथरुणावर देण्याची आमची पद्धत नाही.

आई प्रभूत निजली. दफनासाठी मंडळीचं पत्र लागतं, ते आणायला गेलो तर त्याच टेबलावर मला विचारलं, बाप्तिस्म्याचा दाखला कुठे आहे? ज्यांनी तो होऊ दिला नाही तेच दाखला मागत होते. दुसऱ्या मंडळीच्या एका वयस्कर पाळकांनी पत्र दिलं आणि दफनविधीही चालवला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून माझं मत आहे, आणि ते मी सौम्य करणार नाही: बाप्तिस्म्याला पास होण्याच्या सर्टिफिकेटासारखं वागवणारं कार्यालय लोकांना आज्ञा पाळण्यापासून अडवतं. प्रेषितांच्या कृत्यांत पाहा: फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने विश्वास ठेवला आणि त्याचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला, पौल आणि सीलाच्या जखमा धुतल्याबरोबर. हबशी षंढाने रस्त्यात पाणी पाहिलं आणि विचारलं, मला काय अडचण आहे? त्याला वचन समजावणाऱ्या फिलिप्पाने हजेरी पाहिली नाही. कर्नेल्य या यहूदी नसलेल्या सेनाधिकाऱ्याच्या घरी तर पवित्र आत्मा पाण्याच्या आधीच उतरला, आणि पेत्र म्हणाला, आता यांना पाण्याची मनाई कोण करणार? हाच प्रसंग तुमच्या मैत्रिणीलाही दाखवा. आत्मा मिळाला होता, तरी पेत्राने पाणी अनावश्यक म्हटलं नाही, बाप्तिस्मा घेण्याची आज्ञा दिली.

सुरुवातीच्या मंडळीतही लांब तयारी होती हे मला माहीत आहे, काही ठिकाणी ती तीन तीन वर्षं चालायची. पण ती माणसाला उभं करण्यासाठी होती. त्याच काळात असंही शिकवलं जायचं की तयारीतला माणूस ख्रिस्तासाठी मारला गेला तर त्याचा बाप्तिस्मा त्याच्याच रक्ताने झाला. आणि पाण्याविषयी दिदाखे नावाच्या फार जुन्या लिखाणात सरळ दिलंय: वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड चालत नसेल तर कोमट, पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आईच्या वॉर्डात एवढं पाणी नक्कीच होतं.

आज्ञापालनाबद्दल. इफिस २:८ आणि ९ (तारण कृपेने, कर्मांनी नाही) आपण संडे स्कूलपासून पाठ करतो आणि १० व्या वचनापर्यंत जात नाही, जिथे आपण सत्कर्मांसाठी निर्माण केलेले आहोत असं आहे. विश्वास की कृती, हा प्रश्न मला अब्राहामाने सोडवून दिला. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात त्याने विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व म्हणून मोजलं गेलं. सुंता १७ व्या अध्यायात, इसहाकाचं अर्पण २२ व्या. पौल रोमकरांस पत्रात १५ कडे बोट दाखवतो आणि सुंतेला शिक्का म्हणतो. याकोब २२ कडे बोट दाखवून म्हणतो, कृतीने विश्वास पूर्ण झाला. अब्राहाम सुंतेआधी मेला असता तर १५ वा अध्याय पुसला गेला नसता. पण देवाने सुंता सांगितल्यावर त्याने नकार दिला असता, तर १५ व्या अध्यायातला विश्वास खरा होता का, हा प्रश्न उभा राहिलाच असता. तुमचे वडील पहिल्या जागी आहेत. तुम्ही आज दुसऱ्या जागी आहात, म्हणून तुम्हाला घाई करायला सांगतोय.

आणि नुसत्या पाण्यानेही भागत नाही. शोमरोनातल्या शिमोन जादूगाराचा बाप्तिस्मा झाला होता, तरी पेत्राने त्याला सांगितलं की तुझं अंतःकरण देवापुढे सरळ नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि पुढे त्यांनीच लिहिलं की ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त स्वतः त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला. त्यासाठी त्यांनी बाप्तिस्मा पुन्हा घेतला असं मात्र नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे मंडळी बदलली की लोक पुन्हा पाण्यात उतरवतात. लहानपणी झालेला बाप्तिस्मा धरायचा की नाही यावर मतभेद आहेत. अनेक मंडळ्या मिळून १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य केले गेले. तुमच्यापुढे हा प्रश्न नाही, तुमचा एकदाही झालेला नाही.

थोडं व्यवहाराचं. पाळकांना भेटाल तेव्हा दोन गोष्टी पहिल्याच भेटीत विचारा: क्लास कोणत्या तारखेला संपतो, आणि मधे कोणी आजारी पडलं तर तुम्ही घरी किंवा हॉस्पिटलमध्ये याल का. दुसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं तर दुसरी मंडळी बघा. पावसाळ्यात समुद्रावर, विशेषतः आक्साला, कोणी नेत असेल तर नकार द्या, टाकीतला बाप्तिस्मा काही कमी नाही. कॅथलिक घरांनी लक्षात ठेवावं की जीव जाण्याची वेळ आली तर कोणीही, मंडळीचा हेतू मनात धरून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो. तुमच्या पोस्टमध्ये नाही, पण इथे बरेच जण मनातल्या मनात विचारतात म्हणून: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. कोणाला याची भीती वाटत असेल तर त्याला अविश्वासू म्हणून झिडकारू नका. चांगल्या वकिलाशी बोलू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा. घरच्यांचा विरोध असेल तर त्यांनाही वेळ द्या. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा पुढे काही वर्षांनी.

राहिला वडिलांच्या वतीने घेण्याचा प्रश्न. पहिले करिंथ १५:२९ मध्ये मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे, पण पौल तिथे पुनरुत्थानाचा मुद्दा मांडतोय, तसं करा असं सांगत नाही, आणि आपल्या कुठल्याही मुख्य मंडळीत ते केलं जात नाही. वडिलांना त्याची गरज नाही. त्यांनी प्रभूला हो म्हटलं होतं आणि तारीखही घेतली होती. फॉर्मवर तुमचंच नाव लिहा. कार्यालयाने टोलवाटोलवी केली तर मला इथे मेसेज करा, आईला पत्र देणाऱ्या त्या पाळकांच्या मंडळीत तुमच्याबरोबर यायला मी तयार आहे.